सही नेमकी कोणाची लागते? तालुका वकील संघाच्या नव्या पदाधिकाऱ्यांसाठी

वकील संघाची निवडणूक आटोपून हारतुरे झाले, की पहिल्या पंधरवड्यातच नव्या अध्यक्ष-सचिवांपुढे चार विषय येऊन पडतात. बार रूममधील पंखे बंद असतात, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात एजंटांची गर्दी असते, तहसीलदारांकडील सुनावण्या ऐनवेळी तहकूब होतात आणि पोलीस ठाण्यात एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला दोन तास बाहेर बसवून ठेवलेले असते. मग सभा होते, ठराव होतो, पाच-सात जण काळा कोट घालून साहेबांना भेटतात, निवेदन देतानाचे छायाचित्र निघते आणि विषय जसाच्या तसा पुढच्या कार्यकारिणीकडे जातो. एका तालुका संघाचे सचिवपद दोन कार्यकाळ सांभाळल्यानंतर मला असे दिसून आले, की आपली बहुतेक निवेदने मागणीत चुकलेली नसतात, ती टेबल चुकलेली असतात. ज्या अधिकाऱ्याला ते काम करण्याचा अधिकारच नाही, त्याच्याकडे आपण ते मागतो, आणि तोही आपल्याला न दुखावण्यासाठी ‘पाहतो’ असे म्हणतो. म्हणून कोणत्याही विषयाला हात घालण्यापूर्वी हे काम अखेर कोणाच्या सहीने होणार, हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा.

संघ म्हणजे कोण, हे कागदावर असावे

शासकीय कार्यालयांत वकील संघ आणि बार काउन्सिल यांची नेहमी गल्लत होते, आणि काही वेळा आपल्याकडूनही होते. महाराष्ट्र व गोवा बार काउन्सिल ही अधिवक्ता अधिनियम, 1961 खाली स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे; सनद देणे आणि कलम 35 खाली व्यावसायिक गैरवर्तनाची चौकशी करणे हे तिचे काम आहे. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा वकील संघ ही वकिलांनी आपखुशीने स्थापन केलेली संस्था असते. त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याने ‘तुमच्या अमुक वकिलावर कारवाई करा’ असे पत्र पाठवले, तर ते अधिकार बार काउन्सिलचे आहेत असे लेखी कळवून विषय तिथेच थांबवावा. संघाने स्वतःच चौकशी समिती नेमून निकाल देण्याचा मोह आवरावा.

बहुतेक संघ संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 या दोन्हींखाली नोंदलेले असतात. दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे कार्यकारिणी बदलल्यापासून 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दुसऱ्यांचे बदल अर्ज आयुष्यभर चालवणाऱ्या मंडळींच्या स्वतःच्या संघाचे बदल अर्ज दहा-दहा वर्षे थकलेले असतात, हे मी पाहिलेले आहे. एरवी हा विषय कोणी काढत नाही. परंतु निधी मिळवायचा असेल, बँक खात्यावरील सह्या बदलायच्या असतील किंवा संघाच्या नावाने याचिका दाखल करायची असेल, तेव्हा समोरचा पक्ष पहिला हल्ला इथेच करतो. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, अद्ययावत बदल अर्जाची पोच आणि पत्रव्यवहाराचे अधिकार कोणाला दिले आहेत तो ठराव, असा एक संच निवडणुकीनंतर लगेच तयार करून ठेवावा. संघातर्फे पत्र एकाच सहीने, शक्यतो सचिवांच्या, आणि जावक क्रमांकानेच जावे. अध्यक्षांनी व्हॉट्सअपवर एक भूमिका मांडली आणि सचिवांनी लेटरहेडवर दुसरी, तर कोणतेही कार्यालय त्यांपैकी आपल्या सोयीची भूमिका निवडते.

आणखी एक पथ्य लहान संघांत अवघड वाटते, पण पाळावे. संघाचा एखादा पदाधिकारी सरकारी वकील असेल किंवा एखाद्या नगरपरिषदेच्या पॅनेलवर असेल, तर त्या विभागाशी बोलणी करण्यासाठी दुसऱ्या सदस्याला पाठवावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे.

टेबल ओळखणे

बंद पंख्यांचेच उदाहरण घेऊ. न्यायालयाची इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या देखभालीत असते, म्हणून आपण उपविभागीय अभियंत्याकडे जातो. परंतु त्या विभागात इमारतीची स्थापत्य कामे आणि विजेची कामे वेगवेगळ्या उपविभागांकडे असतात. पंखे, वायरिंग, जनित्र आणि लिफ्ट यांचा विषय विद्युत उपविभागाचा असतो. पुन्हा, दोन्ही उपविभाग बाहेरच्या संस्थेच्या पत्रावर खर्च टाकू शकत नाहीत. त्यांना इमारत वापरणाऱ्या कार्यालयाची, म्हणजे न्यायालयाची, मागणी लागते. म्हणून संघाचे पत्र तालुक्याच्या वरिष्ठ न्यायाधीशांना जावे, त्यांच्या कार्यालयाचे पत्र उपविभागाला जावे आणि आपल्या पत्राची प्रत उपविभागाला माहितीसाठी द्यावी. या उलट्या वाटेने जाऊन आम्ही एकदा एका जिन्याच्या कठड्यासाठी चौदा महिने घालवले, आणि अखेर न्यायालयाचे दोन ओळींचे पत्र गेल्यावर ते काम तीन आठवड्यांत झाले.

नवी इमारत, जादा न्यायालय किंवा वकिलांसाठी सभागृह हा विषय याहून वरचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 235 प्रमाणे जिल्हा व त्याखालील न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. पैसा मात्र राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या अर्थसंकल्पातून येतो आणि बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. असा प्रस्ताव प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे, तेथून विधी व न्याय विभागाकडे जातो आणि प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघाल्यावरच पुढे सरकतो. न्यायालयीन पायाभूत सुविधांसाठी 1993-94 पासून केंद्रपुरस्कृत योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा वाटा केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के असा असून, 2021 मध्ये तिला मुदतवाढ देताना वकिलांची सभागृहे, स्वच्छतागृहे आणि डिजिटल संगणक कक्ष यांचाही तिच्यात समावेश झाला. म्हणून ‘आम्हांला बसायला जागा नाही’ असे मोघम निवेदन आमदारांना देण्यापेक्षा नोंदणीकृत वकिलांची संख्या, सध्याच्या खोलीचे क्षेत्रफळ, महिला वकिलांसाठी स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह आहे किंवा नाही, आणि आवारात मोकळी जागा कुठे आहे त्याचा नकाशा, एवढी माहिती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयाला द्यावी. प्रस्ताव तयार करणाऱ्या कारकुनाला जी माहिती शोधावी लागणार असते, ती आपण आयती दिली तर त्याचे अर्धे काम झालेले असते. मुंबई उच्च न्यायालयात प्रत्येक जिल्ह्यासाठी एक पालक न्यायमूर्ती नेमलेले असतात. त्यांची जिल्ह्याला भेट ठरली, की संघाचे म्हणणे एका पानात, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत, आधीच त्यांच्यापर्यंत पोहोचवावे. भेटीच्या दिवशी हारांच्या गर्दीत दिलेला कागद कुठे जातो, हे सांगायला नको.

टेबल ओळखण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी कोल्हापूरच्या खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ मागणी केली. मोर्चे झाले, कामकाजावर बहिष्कार झाले, कित्येक मुख्यमंत्र्यांना निवेदने गेली. अखेर मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने 1 ऑगस्ट 2025 रोजी राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51(3) खाली अधिसूचना काढली आणि 18 ऑगस्ट 2025 पासून तेथे सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) कामकाज सुरू झाले. औरंगाबादचे कामकाजही 1981 मध्ये याच पोटकलमाखाली सुरू झाले होते. त्याच्या वैधतेला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये फेटाळले आणि कायम खंडपीठ त्यानंतर झाले. जनमताचा रेटा निरर्थक होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याशिवाय शासनाने जागेची आणि पैशाची तयारी दाखवली नसती. परंतु ज्या पोटकलमाखाली सही व्हायची, ते पहिल्यापासून कायद्यात होते, आणि त्यातली पहिली सही मंत्रालयातील नव्हती.

निवेदन, पोच आणि पाठपुरावा

निवेदन मराठीत लिहावे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 नुसार राज्याचा कारभार मराठीत चालतो, आणि इंग्रजी निवेदनावर टिप्पणी लिहिण्यासाठी कारकून ते आधी बाजूला ठेवतो, हा व्यवहारातला अनुभव आहे. एका पत्रात एकच विषय असावा. तीन विषय एका पत्रात घातले तर ते पत्र तीन शाखांपैकी एकाच शाखेच्या नस्तीला (फाइलला) लागते आणि उरलेल्या दोन विषयांचा पत्ता लागत नाही. पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात तिची तारीखवार दोन-तीन उदाहरणे, तिसऱ्यात नेमकी मागणी आणि ती ज्या नियमाखाली मान्य होऊ शकते तो नियम, एवढे पुरते. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य शक्यतो लिहूच नये, कारण योग्य कार्यवाही कोणती ते आपणच सांगितले नाही, तर पत्र दप्तरी दाखल करणे हीही कार्यवाहीच ठरते.

पत्र आवक शाखेत द्यावे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा आणि मगच साहेबांना भेटावे. साहेबांच्या हातात दिलेल्या कागदाला क्रमांक नसतो. पंधरा दिवसांनी चौकशी करताना ‘आमच्या निवेदनाचे काय झाले’ असे न विचारता आवक क्रमांक सांगून नस्ती कोणत्या टेबलावर आहे ते विचारावे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा महाराष्ट्राचा अधिनियम या कामी उपयोगी पडतो. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये; ज्या विषयात दुसऱ्या विभागाचे मत लागत नाही, त्याचा निर्णय 45 दिवसांत आणि जिथे लागते तिथे तीन महिन्यांत व्हावा. स्मरणपत्रात या कलमाचा एका ओळीत, धमकीचा सूर न लावता, उल्लेख करावा.

माहिती अधिकाराचा अर्ज संघाच्या नावाने करू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 चे कलम 3 हा अधिकार नागरिकाला देते, आणि संस्थेचा अर्ज त्याच कारणाने परत आल्याची उदाहरणे आहेत. सचिवांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. आपल्या लांबलचक लिहिण्याच्या सवयीला हा नियम फार जड जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

अधिकाऱ्यासोबत बैठक झाली, तर तिचे इतिवृत्त आपणच लिहून तीन दिवसांत पाठवावे आणि ‘यात काही दुरुस्ती असल्यास सात दिवसांत कळवावे’ असे शेवटी लिहावे. बदल्यांच्या हंगामात अधिकारी बदलतो, पण नस्तीत लागलेले इतिवृत्त तिथेच राहते. मात्र ज्यांच्यापुढे आपल्या सदस्यांची प्रकरणे सुनावणीला आहेत, अशा अधिकाऱ्याचा बार रूममध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची प्रथा माझ्या मते बंद व्हावी. आजच्या सत्काराचे छायाचित्र उद्या प्रतिपक्षाच्या वकिलाच्या अर्जाला जोडले जाते.

महसूल, भूमी अभिलेख आणि नोंदणी

तालुक्याच्या वकिलाचा सर्वाधिक संबंध महसूल खात्याशी येतो, आणि तिथेच संघ सर्वाधिक घसरतो. तहसीलदार व प्रांताधिकारी हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 खाली अर्धन्यायिक कामही करतात आणि प्रशासकीय कामही करतात. कलम 150 खालील तक्रारी नोंद, कलम 155 खालील दुरुस्ती, कलम 247 खालील अपील यांपैकी कोणत्याही चालू प्रकरणाचा संघाने बैठकीत उच्चारही करू नये, मग ते प्रकरण अध्यक्षांचे स्वतःचे का असेना. संघाने बोलावे ते फक्त पद्धतीविषयी: सुनावणीचे वार ठरलेले असावेत, दुसऱ्या दिवसाचा बोर्ड आदल्या दिवशी लावावा, दौरा किंवा बैठक यामुळे तहकुबी होणार असेल तर सकाळीच कळवावे, आणि निकालावर निघालेल्या प्रकरणांची यादी दर महिन्याला लावावी. या मागण्या मान्य करायला तहसीलदारांना कोणाची परवानगी लागत नाही; म्हणूनच त्या मान्य होण्यासारख्या आहेत. अशा मागण्या लोकशाही दिनात मात्र नेऊ नयेत, कारण तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतली जाते. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. न्यायप्रविष्ट विषयही तिथे स्वीकारले जात नाहीत, हे आपल्याच एका सदस्याला आम्हांला समजावून सांगावे लागले होते.

भूमी अभिलेख कार्यालयाबाबत नेहमीची तक्रार कोर्ट कमिशन मोजणीची असते. हद्दीच्या दाव्यात न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 खाली उप अधीक्षकांना आयुक्त नेमते, पक्षकार फी भरतो, आणि मग मोजणीची तारीखच लागत नाही. कधी मोजणी होते पण नकाशा व अहवाल महिनोन्‌महिने येत नाही. येथे संघाने उप अधीक्षकांशी वाद घालण्याऐवजी सदस्यांकडून दाव्याचा क्रमांक, आदेशाची तारीख, फी भरल्याची तारीख आणि सध्याची स्थिती अशी यादी मागवावी. यादी हातात आली, की बरेचदा दिसते, की निम्म्या प्रकरणांत फीच भरलेली नाही किंवा आदेशाची प्रत कार्यालयात पोहोचलेलीच नाही. उरलेली यादी न्यायालयापुढे ठेवावी, कारण आयुक्ताला अहवालाची मुदत घालून देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. सोबत तिची प्रत जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख यांना द्यावी.

दुय्यम निबंधक कार्यालयातील एजंटांचा विषय सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यावर लेखी कोणी काही देत नाही. अधिवक्ता (सुधारणा) अधिनियम, 2023 ने मूळ कायद्यात कलम 45-अ घातले आहे. त्याप्रमाणे उच्च न्यायालय, जिल्हा व सत्र न्यायाधीश, जिल्हादंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांहून वरच्या दर्जाचे महसूल अधिकारी दलालांची यादी तयार करून प्रसिद्ध करू शकतात आणि यादीत नाव असलेल्या व्यक्तीला न्यायालयाच्या आवारातून दूर ठेवता येते. नाव लागलेले असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्थात, ज्याचे नाव घालायचे त्याला आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे ऐकीव नावांची यादी पाठवून चालत नाही. पावत्या, छापील पत्रके, पैसे दिलेल्या पक्षकारांची प्रतिज्ञापत्रे असे काही हातात असेल तरच जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. आणि हेही प्रामाणिकपणे तपासावे, की त्या एजंटाकडून येणारी खरेदीखते कोणत्या वकिलाच्या टेबलावर तयार होतात.

पोलीस

पोलिसांशी संघाचा संबंध बहुधा भांडणातून सुरू होतो, म्हणून तो भांडणाआधी सुरू करावा. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांसोबत तीन महिन्यांतून एकदा ठरलेली बैठक असावी आणि तिच्यात कायद्याने आधीच ठरलेल्या गोष्टींची अंमलबजावणी तपासावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीच्या दरम्यान, जरी संपूर्ण वेळ नसले तरी, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळाली पाहिजे. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला, आणि तो यूथ बार असोसिएशन ऑफ इंडिया या वकिलांच्याच संघटनेने केलेल्या याचिकेत दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बैठकीत ‘सहकार्य मिळत नाही’ असे म्हणण्यापेक्षा कोणत्या ठाण्याचा कोणता एफआयआर किती दिवसांनी दिसला, हे सांगावे.

पक्षकाराने काय सांगितले हे काढून घेण्यासाठी वकिलालाच नोटीस बजावण्याचे प्रकार वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी निकाल दिला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 (वकील-पक्षकार संवादाची गोपनीयता) मधील अपवादात प्रकरण बसत असल्याशिवाय तपास अधिकारी वकिलाला पक्षकाराच्या प्रकरणाविषयी बोलावू शकत नाही, आणि बसत असल्यास नोटिशीत तो अपवाद नमूद करून पोलीस अधीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती घेतलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. सदस्याला अशी नोटीस आली, तर संघाने मोर्चा नेण्याआधी ती नोटीस वाचावी. वकील त्या गुन्ह्यात स्वतःच आरोपी असेल, तर हे संरक्षण त्याला लागू होत नाही, आणि तिथे संघाने आपली पत घालवू नये.

वकील आणि पोलीस यांच्यात झटापट झाली, की ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये’ असा ठराव करण्याची लाट येते. कोइम्बतूरच्या अशाच एका प्रकरणातून निघालेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असे सर्व ठराव बेकायदा व शून्यवत ठरवले. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य हा तो निकाल बार रूमच्या भिंतीवर लावून ठेवावा. ऐन संतापाच्या सभेत तो शोधायला कोणी जात नाही.

डॉक्टर, सनदी लेखापाल आणि बँका

इतर व्यवसायांशी बोलताना त्यांच्या अडचणीपासून सुरुवात केली, तर संवाद होतो. डॉक्टरांची मुख्य तक्रार साक्षीसमन्सची असते. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी दोन जिल्ह्यांपलीकडे बदलून गेलेला असतो, समन्स येते, तो बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून येतो आणि दुपारी प्रकरण तहकूब होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची तरतूद आहे, तसेच बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या अहवालावर त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याची साक्ष घेण्यासाठी कलम 336 आहे. या दोन्हींचा वापर करण्याबाबत जिल्हा शल्यचिकित्सक, सरकारी अभियोक्ता आणि संघ यांनी एकत्र बसून एक पद्धत ठरवावी आणि ती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या मान्यतेला पाठवावी. उलट बाजूने आपली तक्रार असते ती जखमेच्या प्रमाणपत्रातील न वाचता येणाऱ्या अक्षरांची. तीही तिथेच मांडावी.

डॉक्टरांच्या संघटनेशी बोलताना एक नाजूक जागा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे 1995 पासून ठरलेले आहे, तर वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. हा विषय निघाला, की सभागृहातले वातावरण बदलते. त्यावर वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. त्यापेक्षा जेकब मॅथ्यू प्रकरणातील 2005 च्या निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय अभिप्राय घेणे आवश्यक आहे, ही गोष्ट कनिष्ठ वकिलांना नीट समजावून सांगण्याची जबाबदारी संघाने घ्यावी. त्याचा उपयोग दोन्ही व्यवसायांना होतो.

सनदी लेखापालांशी सीमेचा वाद असतो, पण तो बराचसा कायद्यानेच मिटवलेला आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 116 खाली, रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) कलम 56 खाली आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे कंपनी कायद्याच्या कलम 432 खाली वकिलांबरोबर सनदी लेखापालही हजर राहू शकतात. तिथे ‘त्यांना मज्जाव करा’ अशी मागणी करणे व्यर्थ आहे. जिथे अशी तरतूद नाही, तिथे वकिली फक्त अधिवक्त्यांनाच करू देणारे अधिवक्ता अधिनियमाचे कलम 33 आहे, आणि तेवढ्यापुरतीच हरकत घ्यावी. खरा धोका वेगळाच आहे: एकाच कार्यालयात, एकाच पाटीखाली वकील, लेखापाल आणि कर सल्लागार बसतात आणि फी वाटून घेतात. वकील नसलेल्या व्यक्तीशी भागीदारी किंवा मोबदल्याची वाटणी बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मना केलेली आहे. पक्षकार एकमेकांकडे पाठवावेत, सल्ला घ्यावा, दोघांनी स्वतंत्र पावत्या द्याव्यात. तेवढे सांभाळले तर अडचण येत नाही. संयुक्त शिबिर घेताना फलकावर संघाचे नाव असावे. वैयक्तिक छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक टाकला, की नियम 36 मधील जाहिरातबंदीचा प्रश्न उभा राहतो.

बँकांबाबत थोडक्यात एवढेच, की पॅनेलवर कोणाला घ्यावे हे बँक ठरवते आणि संघाने त्यात पडू नये. सर्च रिपोर्टची (मालमत्तेच्या हक्कतपासणीच्या अहवालाची) फी सहा-सहा महिने थकते, यावर मात्र जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना यादीसह पत्र द्यावे.

बोलणी फिसकटल्यास

कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव हा आपल्या हातातील सर्वांत सोपा आणि कायद्यात सर्वांत कच्चा उपाय आहे. कॅप्टन हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2002 रोजी वकिलांना संपाचा अधिकार नाही असे सांगितले आणि निषेधासाठी निवेदने, पत्रकार परिषद, काळ्या फिती, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेत धरणे असे मार्ग दाखवले. नंतर 20 एप्रिल 2023 रोजी डेहराडून जिल्हा बार असोसिएशनच्या प्रकरणात प्रत्येक उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली वकिलांच्या गाऱ्हाण्यांसाठी तक्रार निवारण समिती नेमण्यास सांगण्यात आले, आणि जिल्हा पातळीवरही तशी समिती नेमण्याचा विचार उच्च न्यायालयांनी करावा असे सुचवण्यात आले. न्यायालयीन कामकाजाशी निगडित तक्रार, उदाहरणार्थ दाखल करून घेण्याची पद्धत किंवा कर्मचाऱ्यांची वागणूक, अशा समितीपुढेच न्यावी. बाहेरच्या विभागाबाबत वरिष्ठांकडे अपील, त्यानंतर आवश्यक तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका, हा क्रम आहे. याचिकेत पहिले परिशिष्ट म्हणून बदल अर्जाची पोच आणि दुसरे म्हणून आवक क्रमांकाची निवेदने लावता आली, तर प्रकरण पहिल्याच तारखेला गंभीरपणे घेतले जाते.

कार्यकाळ संपताना सचिवांनी प्रत्येक विभागाची एक स्वतंत्र नस्ती, तिच्यावर शेवटच्या पत्राचा आवक क्रमांक, ती सध्या ज्या टेबलावर आहे त्याचे नाव आणि पुढच्या पाठपुराव्याची तारीख लिहून नव्या सचिवांकडे द्यावी आणि त्याची सहीनिशी पोच घ्यावी.